राउटर टेबलासाठी राउटर घेताना

प्रश्न : मी ५८ वर्षांचा असून पुढील वर्षी नोकरीतून निवृत्त होत आहे. नाशिक जिल्ह्यातील आमच्या गावचा वाडा उतरवला, तेव्हा निघालेल्या तुळया, खांब आणि फळ्या मी जपून ठेवल्या आहेत. त्या सागवानातून कपाटांची पॅनेलची दारे, तसबिरींच्या चौकटी आणि एक देवघर स्वतःच्या हाताने करावे, अशी इच्छा आहे. माझ्याकडे ५५० वॅटचा ट्रिमर आहे. त्याने कडा गोल करणे, सनमायका छाटणे एवढे जमते. आता राउटर टेबल, म्हणजे लाकडात खाचा आणि नक्षी कापणारे राउटर हे यंत्र खाली उलटे बसवलेले टेबल, करायचे ठरवले आहे. टेबल मी स्वतः बनवीन, पण त्याखाली कोणता राउटर बसवावा हे ठरत नाही. दुकानदार म्हणतो, सर्वांत जास्त ताकदीचा घ्या. शेजारचे सुतार म्हणतात, आहे तोच ट्रिमर उलटा लावा. पुतणी अमेरिकेत असते, ती येताना सव्वातीन हॉर्सपॉवरचा राउटर आणायला तयार आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : स. न. वि. वि.

आपल्याला मिळालेल्या तिन्ही सल्ल्यांत यंत्राच्या ताकदीचा विचार झालेला आहे, परंतु ते यंत्र टेबलाखाली उलटे टांगले जाणार आहे, याचा विचार एकातही झालेला दिसत नाही. हातात धरून चालवण्याच्या राउटरची निवड आणि टेबलाखाली कायमचा बसवण्याच्या राउटरची निवड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हातात जो राउटर उत्तम वाटतो, तोच टेबलाखाली गेल्यावर बिट, म्हणजे त्यात बसवायचे फिरते पाते, बदलताना आणि उंची लावताना जीव नकोसा करू शकतो. म्हणून आधी माझे मत सांगतो आणि मग त्यामागची कारणे देतो. आपण योजलेल्या कामासाठी १,६०० ते २,००० वॅटच्या दरम्यानचा, वेग कमी-जास्त करता येणारा आणि १२.७ मिमी, म्हणजे अर्ध्या इंचाचे कॉलेट (बिटचा दांडा पकडणारी पकड) असलेला प्लंज राउटर घ्यावा. ट्रिमर हातातल्या कामासाठीच ठेवावा. या वर्गात निरनिराळ्या कंपन्यांची जी मॉडेले आहेत, त्यांतले एक उचलताना मात्र वॅटचा आकडा शेवटी पाहावा. आधी पाहण्यासारखे दुसरे बरेच काही आहे.

पहिली गोष्ट उंचीची. टेबलावर काम करताना अचूकता येते ती बिट किती वर आला आहे यावरून, आणि चौकटीच्या सांध्यात अर्ध्या मिलिमीटरचा फरकसुद्धा बोटाला लागतो. प्लंज राउटरमध्ये मोटार दोन दांड्यांवर वरखाली सरकते आणि तिला वर उचलून धरण्यासाठी आत स्प्रिंग असते. हातात काम करताना ही स्प्रिंग सोयीची असते, कारण काप संपला की ती बिट लाकडातून बाहेर काढते. राउटर उलटा केला की हीच स्प्रिंग मोटारीला टेबलापासून दूर, म्हणजे खाली ढकलते, आणि मोठ्या राउटरचे सहा किलोच्या आसपासचे वजनही त्याच दिशेने ओढते. म्हणजे बिट थोडासा वर घ्यायचा, तरी एका हाताने वजन आणि स्प्रिंग दोन्ही पेलून दुसऱ्या हाताने कुलूप घट्ट करायचे, आणि तेही टेबलाखाली वाकून. ज्या राउटरच्या माथ्यावर आटे असलेली सळई आणि तिच्यावर फिरणारा नट किंवा मूठ असते, त्यात हे काम बरेच सोपे होते. मूठ फिरवली की मोटार आट्यांवरून हळूहळू वर येते आणि सोडली तरी तिथेच राहते. अशी व्यवस्था नसलेला प्लंज राउटर टेबलासाठी घेऊच नये, मग तो कितीही स्वस्त मिळो.

काही जण टेबलासाठी स्प्रिंग काढूनच टाकतात. ट्रायटन या मूळच्या ऑस्ट्रेलियन कंपनीच्या राउटरमध्ये ती काढता-घालता यावी अशीच रचना आहे. इतर राउटरांत मात्र ती दाबून बसवलेली असते आणि बेपर्वाईने सोडली तर उडून चेहऱ्यावर येऊ शकते. वॉरंटीचाही प्रश्न असतो. सळई-नटाची व्यवस्था असेल तर स्प्रिंगला हात न लावता काम भागते, आणि गरज पडेल तेव्हा राउटर टेबलातून काढून हातातही वापरता येतो. स्प्रिंग काढली की ही दुसरी सोय गेली, हे लक्षात ठेवावे.

दुसरी गोष्ट बिट बदलण्याची, आणि माझ्या मते दुकानात तपासण्यासारखी सर्वांत महत्त्वाची बाब हीच आहे. कॉलेटचा नट टेबलाच्या पातळीच्या वर आला, तर दोन पाने लावून उभ्याने बिट बदलता येतो. तो खालीच राहिला, तर प्रत्येक वेळी राउटर प्लेटसकट, म्हणजे तो ज्या पत्र्याला टांगून टेबलात बसवतात त्यासकट, उचलून बाहेर काढावा लागतो. पॅनेलचे एक दार करताना बिट अनेकदा बदलावा लागतो. त्यामुळे ही गैरसोय किरकोळ नाही. दुकानात जाताना खिशात पोलादी पट्टी ठेवावी. राउटर उलटा करून काउंटरवर ठेवावा, मोटार पूर्ण आत दाबून कुलूप लावावे, आणि बेसच्या सपाट पृष्ठभागापासून कॉलेटच्या नटाचे तोंड किती वर येते किंवा किती आत राहते, हे पट्टीने मोजावे. बेसला खाली जी काळी प्लास्टिकची चकती असते ती टेबलात बसवताना काढली जाते, म्हणून नट वर येत असेल तर तिची जाडी मापात मिळवावी आणि आत राहत असेल तर वजा करावी. आता यात प्लेटची जाडी आडवी येते. बाजारात मिळणाऱ्या ॲल्युमिनियमच्या किंवा फिनोलिकच्या प्लेटा साधारण ६ ते १० मिमी जाड असतात. नट बेसच्या पातळीपेक्षा तेवढा वर येत असेल तरच तो प्लेटच्या बाहेर डोकावेल, आणि पान्याला पकड मिळायला आणखी थोडी जागा हवी. दुकानदार खोका उघडू देत नसेल किंवा राउटर उलटा करून मोजण्यावर कुरकुरत असेल, तर सरळ दुसरे दुकान गाठावे.

नट वर येत नसेल तर कॉलेटला लावायचे वाढीव तुकडेही विकत मिळतात. छोट्या बिटसाठी ते चालून जातात. पण मोठ्या पॅनेल बिटसाठी मी त्यांची शिफारस करणार नाही. मोटारीच्या बेअरिंगपासून बिट जितका लांब जातो तितकी थरथर वाढते आणि काप खवल्याखवल्यांचा येतो. ट्रायटनच्या टीआरए ००१ या मॉडेलमध्ये मोटार पूर्ण वर आली की मोटारीचा दांडा आपोआप अडकतो आणि एकाच पान्याने बिट बदलता येतो. शिवाय बटण बंद केल्याशिवाय मोटार त्या पातळीपर्यंत येऊच शकत नाही. टेबलाचा विचार डोळ्यांसमोर ठेवून केलेली रचना कशी असते, याचे हे चांगले उदाहरण आहे, आणि त्याची उंचीही टेबलाच्या वरून हँडल घालून लावता येते. आपल्याला ते मिळाले आणि त्याची सेवा व सुटे भाग जवळपास उपलब्ध असले, तर जरूर विचार करावा. नसतील, तर त्याच्या मागे धावू नये. कार्बन ब्रश आणि बटण हे भाग आज ना उद्या बदलावे लागतातच आणि ते नाशिकमध्ये मिळणे हे कागदावरच्या सोयींपेक्षा मोलाचे आहे.

आता वेगाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्याला पॅनेलची दारे करायची आहेत. पॅनेलच्या कडेला जो रुंद उतार असतो, तो काढणारा नेहमीचा आडवा बिट ८० मिमीच्या आसपास व्यासाचा असतो. राउटरचे फेरे तेच ठेवून बिट मोठा केला की त्याच्या पात्याच्या टोकाचा वेग व्यासाच्या प्रमाणात वाढत जातो. मिनिटाला २२,००० फेऱ्यांवर २० मिमीच्या बिटचे टोक सेकंदाला सुमारे २३ मीटर वेगाने फिरते. त्याच फेऱ्यांवर ८२ मिमीच्या बिटचे टोक सेकंदाला जवळजवळ ९५ मीटर, म्हणजे ताशी ३४० किलोमीटरच्या वेगाने फिरते. एवढ्या वेगात लाकूड करपते ही सर्वांत सौम्य गोष्ट झाली. बिट किंचित असमतोल असला तरी जोराची थरथर सुटते आणि पात्याचा तुकडा सुटला तर तो गोळीसारखा जातो. तोच बिट १०,००० फेऱ्यांवर चालवला की टोकाचा वेग सेकंदाला ४३ मीटरवर येतो, आणि काम शांतपणे होते. सर्वसाधारण दंडक असा आहे की २५ मिमीपर्यंतच्या बिटला २४,००० फेरे चालतात, २५ ते ५० मिमीच्या बिटला १८,००० च्या आसपास, ५० ते ६५ मिमीच्या बिटला १६,०००, आणि त्याहून मोठ्या बिटला १२,००० किंवा त्याहून कमी. बिटच्या दांड्यावर किंवा डबीवर कमाल फेरे छापलेले असतील, तर तोच आकडा अखेरचा मानावा.

म्हणून वेग कमी करता येतो की नाही, आणि किती खाली नेता येतो, हे पाहावे. मकिताच्या आरपी २३०१ एफसी या २,१०० वॅटच्या मॉडेलचा वेग ९,००० ते २२,००० फेऱ्यांच्या दरम्यान लावता येतो. बॉशच्या जीओएफ १६०० सीई या १,६०० वॅटच्या मॉडेलचा १०,००० ते २५,०००. दोन्ही आपल्या कामाला पुरेसे आहेत. या प्रकारच्या राउटरांत आणखी दोन गोष्टी मिळतात, ज्यांचे मोल टेबलावर कळते. सुरू करताना झटका न बसता वेग हळूहळू चढतो, आणि लाकडाचा भार पडला तरी इलेक्ट्रॉनिक नियंत्रणामुळे फेरे फारसे उतरत नाहीत. मकिता ३६१२ सारखी जुनी, दणकट, सुतारांच्या आवडीची मॉडेले मात्र २२,००० फेऱ्यांच्या एकाच वेगावर चालतात. ती वर्षानुवर्षे टिकतात, त्यांची दुरुस्ती कोणताही मोटार बांधणारा करू शकतो, आणि किमतीचा विचार करता त्यांचा मोह होणे स्वाभाविक आहे.

खर्चाच्या ओढीमुळे एकाच वेगाचा राउटर घ्यावा लागला, तरी पॅनेलचे दार अशक्य होत नाही. फक्त बिटची निवड बदलावी लागते. पॅनेलच्या उतारासाठी उभे बिटही मिळतात. त्यांचा व्यास ३८ मिमीच्या आसपास असतो आणि त्यांच्यापुढून पॅनेल आडवे न सरकवता उंच फेन्सला, म्हणजे टेबलावरच्या उभ्या आधारफळीला, टेकवून उभे सरकवायचे असते. टोकाचा वेग निम्म्याहून खाली येतो. मोबदल्यात किमान २०० मिमी उंचीची, टेबलाशी काटेकोर काटकोनात उभी असलेली फेन्स करावी लागते आणि कमानीच्या आकाराची पॅनेले या बिटने होत नाहीत. सरळ कडांच्या दारांना काहीच अडचण नाही. वेग स्थिर असलेल्या राउटरला बाहेरून वेगनियंत्रक जोडता येतो, पण त्यात वेग कमी झाल्यावर जोरही ओसरतो. ज्या राउटरमध्ये आधीच इलेक्ट्रॉनिक नियंत्रण किंवा हळू सुरू होण्याची सोय आहे, त्याला असा बाहेरचा नियंत्रक कधीही जोडू नये. आतील सर्किट जळते. पंख्याचा रेग्युलेटर तर कोणत्याच राउटरला लावू नये.

तिसरी गोष्ट कॉलेट. आपल्या ट्रिमरमध्ये पाव इंचाचा, म्हणजे ६.३५ मिमीचा दांडा बसतो. अर्ध्या इंचाचा दांडा त्याच्या दुप्पट जाड, पण दांड्याचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढत असल्यामुळे तो १६ पट ताठ असतो. चौकटीच्या उभ्या-आडव्या पट्ट्यांना जी जोडनक्षी लागते, तिचे बिट ४० मिमीच्या आसपास व्यासाचे असतात आणि ते अर्ध्या इंचाच्या दांड्यावरच घ्यावेत. येथे एक धोका मुद्दाम सांगायला हवा. आपल्याकडे १२ मिमीच्या कॉलेटचेही राउटर विकले जातात आणि १२ व १२.७ हे दोन्ही आकार दुकानात एकाच नावाने, 'अर्ध्या इंचाचा', म्हणून दिले जातात. १२ मिमीचा दांडा १२.७ च्या कॉलेटमध्ये जातो, नट आवळताही येतो, आणि काम करताना भार पडला की बिट सरकून वर येऊ लागतो. ६ आणि ६.३५ मिमीबाबतही हेच घडते. म्हणून राउटर घेताना कॉलेटवर कोरलेला आकडा स्वतः वाचावा, बिट घेताना दांडा व्हर्नियरने मोजून घ्यावा, आणि दोन्ही एकाच मापाचे असल्याची खात्री करावी. अर्ध्या इंचाच्या राउटरमध्ये पाव इंचाचे बिट वापरण्यासाठी मधली नळी देतात. ती चालते, परंतु कंपनीचे पाव इंचाचे स्वतंत्र कॉलेट मिळत असेल तर ते घ्यावे, कारण त्यात बिट अधिक मध्यावर फिरतो. बिट कॉलेटमध्ये तळापर्यंत घालून मग दोन-तीन मिलिमीटर मागे ओढावा आणि नंतर नट आवळावा. तळाला टेकवून आवळला तर कॉलेट पूर्ण मिटत नाही.

आता पुतणीच्या राउटरकडे वळू. अमेरिकेत खोक्यावर छापलेली हॉर्सपॉवर आणि मोटारीचा प्रत्यक्ष जोर यांत बरेच अंतर असते. तेथील नेहमीच्या सॉकेटमधून १२० व्होल्टवर १५ अँपिअर मिळतात, म्हणजे यंत्र जास्तीत जास्त १,८०० वॅट वीज घेऊ शकते. सव्वातीन हॉर्सपॉवर म्हणजे मात्र २,४०० वॅटहून अधिक. घेतलेल्या विजेपेक्षा अधिक काम कोणतीच मोटार सतत देऊ शकत नाही. हा आकडा क्षणिक कमाल जोराचा असतो. त्यामुळे आपल्याकडे मिळणारा १,८०० वॅटचा राउटर आणि तिकडचा सव्वातीन हॉर्सपॉवरचा राउटर हे जवळजवळ समान ताकदीचे आहेत, हे ध्यानात घ्यावे. पोर्टर-केबलचे ७५१८ हे मॉडेल टेबलासाठी तिकडे अनेक वर्षे नावाजलेले आहे, याबद्दल दुमत नाही. त्याची मोटार नळकांड्यासारखी असून बेसमधून पूर्ण बाहेर निघते, त्यामुळे ती राउटर-लिफ्टमध्ये, म्हणजे मोटार वरखाली करण्याच्या वेगळ्या यंत्रणेत, सहज बसते. परंतु नाशिकमध्ये ती चालवायची तर २३० चे १२० व्होल्ट करणारा, किमान २,५०० ते ३,००० व्होल्ट-अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर लागेल. राउटरची मोटार ब्रशची असल्यामुळे ५० आणि ६० हर्ट्झचा फरक तिला बाधत नाही, पण व्होल्टेजची चूक मात्र एकदाच होते. थेट २३० च्या सॉकेटला लावल्यास मोटार जागीच जाते. ट्रान्सफॉर्मरची किंमत आणि वजन, सुट्या भागांची अडचण, आणि घरातील दुसऱ्या कोणी चुकून थेट सॉकेटला वायर लावण्याची शक्यता पाहता, पुतणीकडून राउटरऐवजी चांगले बिट मागवावेत, असे मी सुचवीन. अर्ध्या इंचाच्या दांड्याचा जोडनक्षीचा जोड आणि एक पॅनेल बिट तिच्या सामानात फारशी जागा अडवणार नाहीत. मात्र राउटरचे कॉलेट १२.७ मिमीचे आहे, हे पक्के झाल्यावरच ते मागवावेत.

राउटर-लिफ्टबद्दल आपण विचारलेले नाही, तरी दुकानात तो विषय निघेल. लिफ्ट ही उंची लावण्याची उत्तम सोय आहे, पण तिची किंमत राउटरच्या जवळपास जाऊ शकते. शिवाय मोठी लिफ्ट बेसमधून सुटणाऱ्या गोल मोटारीसाठी असते, आणि प्लंज राउटरची मोटार तशी सुटत नाही. आटे असलेल्या सळईचा राउटर घेतला तर आपल्याला लिफ्टची गरज भासणार नाही.

बटणाबाबत मात्र काटकसर करू नये. टेबलाखाली हात घालून राउटरचे बटण चाचपडणे धोक्याचे आहे, म्हणून राउटरचे बटण चालू स्थितीत अडकवता येते की नाही, हे खरेदीच्या वेळीच पाहावे. ज्याचे बटण बोट काढताच बंद होते आणि अडकवण्याची सोय नसते, तो राउटर टेबलाच्या उपयोगाचा नाही. बटण दोरीने किंवा पट्टीने बांधून ठेवण्याचा मार्ग कोणी सुचवला तर ऐकू नये. अडकवलेल्या बटणाच्या पुढे, टेबलाच्या समोरच्या बाजूला, वेगळा स्विच बसवावा आणि तो वीज गेल्यावर आपोआप बंद होणारा, हिरव्या-लाल बटणांचा असावा. हे आपल्याकडे विशेष आवश्यक आहे. वीज गेली, आपण बिट तपासायला हात पुढे केला, आणि तेवढ्यात वीज परत आली, तर साध्या स्विचवर राउटर त्याच क्षणी पूर्ण वेगाने सुरू होतो. हिरव्या-लाल बटणाचा स्विच पुन्हा दाबल्याशिवाय सुरू होत नाही. स्विच अशा उंचीवर बसवावा की दोन्ही हात लाकडावर असताना तो गुडघ्याने किंवा मांडीने बंद करता येईल. बिट बदलताना मात्र कोणत्याही स्विचवर न विसंबता वायर सॉकेटमधून काढूनच हात लावावा. आणि सॉकेट १६ अँपिअरचे असावे. घरातील छोट्या ६ अँपिअरच्या सॉकेटमधून १,३८० वॅटच्या पुढे ओढणे योग्य नाही.

टेबल आपण स्वतः करणार आहात, म्हणून राउटरशी संबंधित तेवढेच लिहितो. वरची फळी १८ मिमीच्या दोन एमडीएफ किंवा चांगल्या प्लायच्या फळ्या चिकटवून करावी आणि सनमायका वर व खाली दोन्ही बाजूंना लावावा. एकाच बाजूला लावला तर पावसाळ्यात फळी वाकते. मोठ्या राउटरचे वजन प्लेटवर वर्षभर लोंबकळणार असल्यामुळे पातळ ॲक्रिलिकची प्लेट घेऊ नये, ती मध्यभागी झोल खाते. खाली चारी बाजूंनी बंद पेटी केल्यास तिला हवेचे मार्ग ठेवावेत. राउटरची मोटार स्वतःच्या पंख्याने थंड होते आणि बंद पेटीत ती स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढते. उलट्या राउटरमध्ये लाकडाचा भुसा मोटारीवरच पडतो, त्यामुळे व्हॅक्यूमची नळी फेन्सला जोडावी आणि काम झाल्यावर मोटारीतला भुसा हवेने उडवावा. कार्बन ब्रशची एक जोडी राउटर घेतानाच जास्तीची घेऊन ठेवावी.

शेजारच्या सुतारांचा सल्ला पूर्णपणे टाकाऊ नाही, हेही नमूद करतो. छोटी तसबीर-चौकट, डबीची कड, देवघराच्या महिरपीची बारीक गोलाई अशा कामांना ट्रिमरचे छोटे टेबल खरोखर सोयीचे असते, आणि लहान लाकडावर त्यात भीतीही कमी वाटते. पण बॉशच्या जीकेएफ ५५० सारखा ५५० वॅटचा ट्रिमर मिनिटाला ३३,००० फेऱ्यांच्या एकाच वेगावर चालतो आणि त्यात पाव इंचाहून जाड दांडा बसत नाही. त्याला मोठा बिट लावण्याचा विचारही करू नये. २० मिमीपर्यंतच्या बिटवर तो आनंदाने चालेल. आपण त्याचे वेगळे छोटे टेबल पुढेमागे अवश्य करावे, पण पॅनेलच्या दारांची भिस्त त्याच्यावर ठेवू नये.

कामाला लागल्यावर एक पथ्य विसरू नये. राउटर उलटा झाल्यामुळे वरून पाहता बिट घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतो, म्हणून लाकूड फेन्सला टेकवून नेहमी उजवीकडून डावीकडे सरकवावे. डावीकडून उजवीकडे नेल्यास बिट लाकूड हिसकावून घेतो आणि त्यामागे हातही जातो. लाकूड बिट आणि फेन्स यांच्या मध्ये अडकेल अशी मांडणीही कधी करू नये. पॅनेलचा उतार एका फेरीत न काढता तीन-चार फेऱ्यांत, प्रत्येक वेळी थोडा खोल करत काढावा आणि आधी आडव्या तंतूंच्या दोन बाजू, मग उभ्या तंतूंच्या दोन बाजू घ्याव्यात, म्हणजे आडव्या कडेला उडालेले टवके पुढच्या कापात निघून जातात. हे पाळले तर १,६०० वॅटही पुरतात, आणि म्हणूनच ताकदीच्या आकड्यामागे धावण्याची गरज नाही, असे मी म्हणतो.

राहता राहिले आपले सागवान. वाड्याच्या लाकडात जुने खिळे असतातच, आणि अनेकदा खिळ्याचे डोके गंजून गेलेले असते, पण पोटातला भाग लाकडाच्या आत काळ्या डागाखाली शाबूत असतो. राउटर बिटची पाती कार्बाइडची असतात; कार्बाइड अतिशय कठीण, पण तितकेच ठिसूळ असते, आणि खिळ्यावर आदळले की त्याचा टवका उडतो. असा बिट पुन्हा वापरण्याजोगा राहत नाही आणि उडालेला टवका डोळ्याच्या उंचीवर असतो. म्हणून प्रत्येक फळी आधी चुंबकाने किंवा हातातल्या धातुशोधकाने तपासावी, काळा डाग दिसेल तेथे पटाशीने उकरून पाहावे, वरचा मळलेला थर जुन्या रंध्याने काढावा, आणि मगच ती राउटरपुढे न्यावी. डोळ्यांवर चष्मा, कानांवर संरक्षक आणि नाकावर धुळीचा मास्क हवाच. सागाची बारीक धूळ अनेकांच्या श्वासाला आणि कातडीला त्रास देते. राउटर नवा असताना पहिले दार वाड्याच्या लाकडाचे करू नये. वखारीतून आंब्याच्या किंवा पाइनच्या दोन-चार स्वस्त फळ्या आणून त्यांचे एक पूर्ण दार करावे, त्यावर फेन्सची जागा, बिटची उंची आणि वेगाचा आकडा पेन्सिलीने लिहून ठेवावा, आणि ते दार नमुना म्हणून कार्यशाळेच्या भिंतीवर टांगावे. पुढच्या प्रत्येक दाराच्या वेळी यंत्र त्याच मापांवर लावता येईल.